सुपारीच्या बागांत शेक्सपिअर

जोगचा धबधबा पाहायला जाणारे आपल्याकडचे बरेच प्रवासी सागर या तालुक्याच्या गावावरून पुढे जातात. तिथून आठ-दहा किलोमीटरवर हेग्गोडू नावाचं खेडं आहे. शिमोगा जिल्ह्यातलं. लाल माती, सुपारीच्या बागा आणि चार महिने धो धो पाऊस. वरकरणी थांबावं असं काहीच नाही. पण या खेड्यातल्या बागायतदारांनी आणि मजुरांनी कालिदास पाहिला, शेक्सपिअर पाहिला, ब्रेख्तही पाहिला. तोही कन्नडमधून, गावच्याच नाट्यगृहात!

ही किमया ‘नीनासम’ची. नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ हे तिचं पूर्ण नाव. १९४९ साली गावातल्या हौशी मंडळींनी ती सुरू केली. अशी हौशी नाट्यमंडळं आपल्याकडेही गावोगावी निघाली आणि बरीचशी विरूनही गेली. नीनासम टिकली, वाढली, ती के. व्ही. सुब्बण्णा यांच्यामुळे. सुब्बण्णा म्हैसूरला शिकले, पण नोकरीसाठी शहरात न राहता गावी परतले. सुपारीची बाग सांभाळत त्यांनी नाटकं बसवली, भाषांतरं केली, ‘अक्षर प्रकाशन’ चालवलं. १९९१ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली ते गेले.

खेडुतांना हे कळणार का?

सत्तरच्या दशकात नीनासमनं चित्रपट मंडळ काढलं आणि गावात ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’, कुरोसावाचा ‘राशोमोन’ असे चित्रपट दाखवले. ज्यांनी शाळा धड पाहिली नाही, त्यांना जपानी सिनेमा काय कळणार, असं कुणालाही वाटेल. सुब्बण्णांना तसं वाटलं नाही. भूक, गरिबी, मुलाचा हात धरून कामासाठी वणवण करणारा बाप हे समजायला पदवी लागत नाही. अडचण असते ती सवयीची आणि भाषेची. म्हणून चित्रपट कसा पाहावा याची शिबिरं हेग्गोडूतच भरली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर तिथे शिकवायला गेले. शहरातला माणूस खेड्यात गेला, खेड्याला शहराकडे धावावं लागलं नाही.

आफ्रिकेची गोष्ट, सिद्दींच्या तोंडी

नीनासमच्या कामातला मनाला भिडणारा प्रसंग ऐंशीच्या दशकातला. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. त्यातले कित्येक गोव्यातून निसटून या रानात आले. घरात ते कोकणी बोलतात, गावात कन्नड. रंगरूपावरून हिणवलं जाणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुटलं नाही. नीनासमचे दिग्दर्शक चिदंबर राव जंबे यांनी या लोकांना घेऊन नाटक बसवलं. तेही नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीवरचं. गोऱ्यांच्या आगमनानं मोडून पडलेल्या एका आफ्रिकी गावाची ही गोष्ट. नाच-गाणं सिद्दींच्या रक्तातच, अशी कौतुकाची वाक्यं बोलून मोकळं होणं सोपं असतं. इथे त्यांना नटाचा मान मिळाला, आणि प्रेक्षकांना मान वर करून त्यांच्याकडे पाहावं लागलं.

शाळा आणि भटकंती

१९८० साली नीनासमनं नाट्यशिक्षणाची शाळा काढली. कन्नड माध्यमाची, मुलांनी तिथेच राहून शिकायची. शेतकरी-कारागिरांच्या घरातली मुलंही इथे संस्कृत नाटकापासून पाश्चात्त्य नाटकापर्यंत सारं शिकली. पण शिकून करायचं काय? त्याचं उत्तर १९८५ साली सुरू झालेलं ‘तिरुगाट’. तिरुगाट म्हणजे भटकंती. पावसाळा सरला की नटमंडळी नेपथ्याचं सामान गाडीत घालायची आणि कर्नाटकभर गावोगावी प्रयोग करायची. नटाला काम मिळालं, गावाला नाटक मिळालं.

याशिवाय हेग्गोडूत दरवर्षी संस्कृती शिबिरं भरू लागली. लेखक, प्राध्यापक, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी एका पंगतीत जेवायचे. दिवसा चर्चा, रात्री नाटक. यू. आर. अनंतमूर्तींसारखा मोठा साहित्यिक वर्षानुवर्षं तिथे येत राहिला. नाटक आवडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला तोंडावर विचारायची मुभा प्रत्येकाला होती.

आपलं देणं

कर्नाटकाशी आपलं नाटकाचं नातं जुनं आहे. तिकडच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यातूनच प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून धरतो. तेव्हा हेग्गोडूकडून आणखी एक गोष्ट उसनी घ्यायला संकोच कशाला?

इमारत बांधणं त्या मानानं सोपं. पैसा जमतो, कोनशिला बसते, फीत कापली जाते. अवघड आहे ते आपल्या गावच्या माणसावर विश्वास टाकणं. ‘आमच्या लोकांना हलकंफुलकंच लागतं’ असं म्हणत आपण त्याच्या ताटात हलकंच वाढतो आणि त्याला दुसरी चव नाही म्हणून कुरकुरतो. हेग्गोडूनं चांगलं तेच वाढलं. लोक आले, जेवले आणि पुन्हा आले. तुमच्या गावच्या शाळेतला रंगमंच वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनापुरता उघडत असेल, तर दुसऱ्यांदा तो उघडायला सुरुवातीला चार उत्साही माणसंही पुरतील.