भाड्याचे घर आणि पाळीव प्राणी : संमती लेखी हवी

बदलीच्या नोकरीमुळे लहान शहरात जाणाऱ्या कुटुंबासोबत कुत्रा किंवा मांजर असेल, तर भाड्याचे घर मिळणे अवघड होते. घर पसंत पडते, भाडेही ठरते. मात्र प्राण्याचा उल्लेख होताच नकार मिळतो. त्यामुळे काही भाडेकरू ही गोष्ट लपवितात आणि पुढे घर सोडण्याची वेळ आल्यावर मुका जीव रस्त्यावर येतो. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

गृहनिर्माण संस्थांना बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशी बंदी घालणारे उपविधी बेकायदेशीर ठरविले.

तथापि हे संरक्षण प्रामुख्याने संस्थेच्या नियमांविरुद्ध आहे. आपले घर कोणाला भाड्याने द्यावे, हे घरमालकच ठरवितो. लहान शहरांत अनेकदा घरमालक वरच्या मजल्यावर आणि भाडेकरू तळमजल्यावर राहतो; तेथे संस्थाच नसते. व्यवहारही बहुधा ओळखीने, तोंडी होतो. अशा ठिकाणी भाडेकरूचा खरा आधार म्हणजे लेखी करार.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अन्य राज्यांतील नियम वेगळे असले, तरी संमती लेखी घेणे सर्वत्र हिताचे ठरते.

करारात प्राण्याचा प्रकार व संख्या, अंगण आणि गच्चीचा वापर, स्वच्छतेची जबाबदारी, तसेच दारे-भिंतींचे नुकसान झाल्यास अनामत रकमेतून किती कपात होईल, याचा स्पष्ट उल्लेख असावा. घर रिकामे करताना वाद होऊ नये, यासाठी प्रवेशापूर्वीच घराची छायाचित्रे काढून ठेवावीत. रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचे प्रमाणपत्र आणि स्थानिक नियमांनुसार आवश्यक असल्यास नगरपरिषदेचा परवाना दाखविल्यास घरमालकाची शंका बऱ्याच अंशी दूर होते.

प्राणी असल्याचे आरंभीच सांगितल्यास काही घरे हातची जातील. परंतु जे घर मिळेल, तेथून त्या प्राण्याला बाहेर काढण्याची वेळ सहसा येणार नाही.