पाइपचा बेंडच आधी का फुटतो?

रात्रीची लाइट, कांद्याचं पाणी चालू, आणि मोटरीजवळच्या लोखंडी बेंडमधून कारंजं! बेल्ह्याला आमच्या काकांच्या विहिरीवरचा हा प्रसंग. काका म्हणाले, "गंजला असणार." मी बेंड कापून बघितला. आतल्या वळणाला जाडी जवळपास शाबूत, वर लाल गंज. बाहेरच्या वळणाला मात्र पत्रा कागदासारखा पातळ आणि चक्क चकचकीत! नुसता गंज असता तर एकच बाजू एवढी कशी झिजली असती?

त्याचं असं आहे. लोखंडावर गंजाचा थर बसला की खालचा धातू थोडा झाकला जातो आणि पुढचं गंजणं मंदावतं. पण कालव्याचं आवर्तन सुटलं की विहिरीत गढूळ पाणी उतरतं, त्यात बारीक वाळू असते. बेंडमध्ये पाणी वळतं, पण वाळूचा कण जड, तो सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. थर खरवडला जातो, उघडा धातू पुन्हा गंजतो, पुन्हा खरवडला जातो. म्हणून दोघांचं मिळून होणारं नुकसान त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. (दोन बग एकत्र आले की काय होतं, ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा!)

खरी मेख वेगात आहे. वाळूने होणारी झीज साधारण वेगाच्या अडीचाव्या घाताने वाढते. तीन इंचीऐवजी अडीच इंची पाइप टाकला तर तेवढंच पाणी न्यायला वेग १.४४ पट होतो आणि झीज जवळजवळ अडीचपट! पाइपात वाचवलेले पैसे असे बेंडमध्ये जातात.

वाळू नसली तरी सुटका नाही. जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात ९ ऑगस्ट २००४ ला गरम पाण्याचा पाइप फुटून ५ कामगार गेले. तिथे वेगाने वाहणारं पाणीच संरक्षक थर विरघळवत होतं. मूळ १० मिमी जाडी झिजून अगदीच कमी झाली होती, आणि १९७६ ला ती अणुभट्टी सुरू झाल्यापासून ती जागा एकदाही तपासली नव्हती.

आपल्याकडे काय करता येईल? काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड घ्या. फुटबॉल्व्ह तळातल्या गाळापासून वर ठेवा. रेड्यूसरच्या आणि अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढचा भागही बघा, तिथेही पाणी घुसळतं. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र मिळालं तर बेंडची बाहेरची बाजू आधी मोजा. आम्ही नवीन बेंड टाकलाय, या वेळी तीन इंची, आणि त्यावर ऑइलपेंटने तारीख लिहून ठेवलीय.