वाजंत्री वाजू द्या, पण दहाच्या आत!

पातूर हे काही मुकं गाव नाही. रेणुकामातेच्या टेकडीवर नवरात्रात रीघ लागते. उरूस असो, यात्रा असो की भजनाचा सप्ताह, वाद्याशिवाय आपलं पान हलत नाही. मग आता पातुरातच काय, गावोगावी वाजण्यावरून तंटे का होऊ लागले?

कारण सरळ आहे. पूर्वी लग्न दारातल्या मांडवात लागायचं. ज्याच्या दारी लग्न, त्याच्याच आळीत वाजंत्री, आणि ऐकणारे सारे सोयरेधायरे. आता गावाच्या कडेला मंगल कार्यालयं आणि लॉन झाले. बँड, संदल, ऑर्केस्ट्रा रोज तिथेच वाजतो. यजमान म्हणतो, "लग्न काय रोज रोज असते का भाऊ?" शेजारी म्हणतो, "तुमचं एक दिवसाचं हाय, आमच्या भिंतीले तर हर मुहूर्ताले वरात!" दोघंही खोटं बोलत नाहीत. यजमान दर वेळी नवा असतो, शेजारी मात्र तोच. त्याच्या घरी दहावी-बारावीचं पोर असतं, म्हातारं माणूस असतं. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला उठणाऱ्या माणसाने झोपावं तरी कधी?

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. भोंगा लावायचा तर लेखी परवानगी हवी. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. सणउत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आपलं लग्न त्यात आपोआप बसत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाका. "आमचा बँड आहे, भोंगा नाही, आम्हाले कायदा लागत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्री दहानंतर वाद्यांनाही बंदी आहे. सवलत आहे ती बंदिस्त सभागृहाला, तीही आवाज आतल्या आत राहावा म्हणून. उघडा लॉन त्यात येत नाही. खासगी जागेतल्या भोंग्याचा आवाज जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात स्पष्ट केलं की, ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाच नाही.

आवाजाचं गणित

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. म्हणजे 10 मीटरवर 100 डेसिबल असेल, तर 160 मीटरवर 76 आणि 320 मीटरवर 70 उरतो. तोही मर्यादेच्या वरच! शिवाय रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, आवाज खाली वाकतो आणि दूरवर जातो. "कार्यालय तर गावाबाहेर आहे" या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. आणि 100 डेसिबलजवळ पाव तासाच्या वर उभं राहणं कानाला घातक मानतात. हे वाजवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

तंट्याआधीच ठरवा

अर्ध्या रात्री भांडायला गेलं की डोकी फुटतात, कामं होत नाहीत. नांदेड जिल्ह्यात मुदखेड तालुक्यातल्या बारड गावाने 2018 मध्ये एकमताने ठराव करून सर्व धर्मस्थळांवरचे भोंगे उतरवले. सगळ्यांना एकच नियम लावला, म्हणून तो टिकला. तोच धडा आपण घ्यावा.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी, पातुरात असाल तर नगरपरिषदेने, लग्नसराईआधी कार्यालयवाले, बँडवाले आणि शेजारी यांना एकत्र बसवावं. ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दहाची वेळ बुकिंगच्या पावतीवरच छापावी. स्पीकरची तोंडं वस्तीकडे नकोत. वरात नऊला निघावी. परीक्षेच्या दिवसांत आवाज आणखी कमी ठेवावा. तंटामुक्त समितीने हे कागदावर घ्यावं.

तरी ऐकलं नाही, तर 112 वर फोन करा किंवा ठाणेदाराकडे लेखी द्या. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून माणूस गप्प बसतो, हे खरं आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं की, तक्रारदाराचं नाव बाहेर येऊ न देता कारवाई करा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सनई-डफड्यावर, बँडवर कितीतरी घरांची चूल पेटते. चार महिन्यांची कमाई त्यांना वर्षभर पुरवायची असते. वाजंत्री बंद करा, असं कोणी म्हणत नाही. उलट, मुहूर्त वेळेवर लावला तर त्यांनाही दहाच्या आत मनसोक्त वाजवता येईल. पण सातचं लग्न दहाला लागतं, आणि त्या उशिराची शिक्षा भोगतो कोण? वाजवणारा आणि शेजारी. तेव्हा यजमानांनो, आधी घड्याळ पाळा, अर्धा तंटा तिथेच मिटेल.