स्त्रियांचे शक्तिवर्धक व्यायाम

स्नायूंना भाराविरुद्ध काम करावयास लावून त्यांची ताकद टप्प्याटप्प्याने वाढविणाऱ्या व्यायामांना शक्तिवर्धक व्यायाम म्हणतात. 'स्ट्रेंथ ट्रेनिंग' व 'वेट ट्रेनिंग' ही नावेही मराठीत रूढ आहेत. भार म्हणून डंबेल्स, बारबेल, रबरी पट्टे किंवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरतात. जोर व बैठका याच प्रकारात मोडतात. वजने उचलल्याने बांधा पुरुषी व थोराड होतो, या समजुतीमुळे अनेक स्त्रिया या व्यायामांपासून दूर राहतात. शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही.

'टोनिंग'चा अर्थ

शरीरक्रियाविज्ञानात स्नायूचा 'टोन' म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेतही त्यात असणारा किंचित ताण होय. व्यायामशाळेत मात्र या शब्दाने बांधेसूद शरीर अभिप्रेत असते. असा बांधा दोन गोष्टींनी घडतो : स्नायू सशक्त होणे आणि त्यांवरील चरबीचा थर कमी होणे. केवळ पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी घटत नाही. तेथील स्नायू तेवढे बळकट होतात. स्नायू चरबीपेक्षा घन असल्याने तेवढ्याच वजनाला कमी जागा व्यापतो. त्यामुळे काट्यावरील वजन न बदलताही कंबरेचा घेर कमी होऊ शकतो.

स्नायूंच्या वाढीची मर्यादा

स्नायूंच्या वाढीस चालना देणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण प्रौढ पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये अनेक पटींनी कमी असते. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. मेंदू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामास लावण्यास शिकतो. स्नायू ठळकपणे मोठे होण्यासाठी अनेक वर्षांचा कठोर सराव आणि त्याला साजेसा भरपूर आहार लागतो.

ताकद आणि आकार या भिन्न गोष्टी आहेत, हे भारोत्तोलनातील वजनगटांवरून स्पष्ट होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनी गटात स्नॅचमध्ये ८७ व क्लीन अँड जर्कमध्ये ११५, असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. क्लीन अँड जर्कमधील भार त्यांच्या शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होता.

व्यायामाची पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचे व्यायाम करावेत. सामान्यतः ८ ते १२ वेळा उचलता येईल असा भार निवडतात. शेवटच्या एक-दोन आवर्तनांत कष्ट पडावेत, पण शरीराची ठेवण बिघडू नये. तो भार सोपा वाटू लागला की थोडा वाढवितात. वजन कायम सहजसाध्यच ठेवल्यास ताकदीची वाढ थांबते. एका स्नायुगटाच्या दोन सत्रांमध्ये साधारणतः एक दिवसाची विश्रांती ठेवतात. आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळणे आवश्यक असते.

हाडे आणि उतारवय

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने हाडांची घनता वेगाने कमी होऊ लागते व अस्थिभंगाचा धोका वाढतो. वयानुसार स्नायूही क्षीण होतात. स्नायूंचा ताण हाडांवर पडल्याने हाडांची झीज मंदावते. पायांतील ताकद व तोल सुधारल्याने पडण्याचा संभव कमी होतो. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, पाण्याची बादली उचलणे ही कामे स्वबळावर करता येणे हा या व्यायामांचा मोठा लाभ आहे. उतारवयात आरंभ केला तरीही ताकद वाढते.

दक्षता

भार उचलताना श्वास रोखू नये. उचलताना तो सोडावा व खाली आणताना घ्यावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अस्थिसुषिरता असल्यास, तसेच गरोदरपणात व प्रसूतीनंतर, वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करावी.