पाटे वाढवले, गाडी उचलली. मग हा आवाज कुठला?

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने गाडीच्या मशिनरीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही मेकॅनिक नाही. परंतु ज्या व्यापाऱ्याची स्वतःची एक मालगाडी आहे, त्याच्या हिशेबाच्या वहीत दुकानभाड्याखालोखाल गॅरेजचा खर्च दिसतो, हे आम्हांस ठाऊक आहे. या खर्चातला मोठा भाग चुकीच्या जागी पान्हा लावल्यामुळे होतो. आमचाही झाला. तो कसा झाला हे सांगितले तर दुसऱ्या कुणाचे चार पैसे वाचतील, म्हणून हा लेख.

भिवंडीहून मालेगावकडे सायझिंगचे बीम आणि सुताची पोती, येताना कोरे कापड, असा आमच्या हलक्या ट्रकचा फेरा असे. गाडी जुनी घेतलेली. माल भरला की मागून बसायची, टायर मडगार्डाला घासायचे. हायवेवरच्या एका पाटेवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले आणि ॲक्सलवर गुटके बसवले. गाडी मागून चांगली चार बोटे उंच झाली. रिकामी उभी असली की शेपूट वर केलेल्या विंचवासारखी दिसे. आम्ही खूश होतो.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हर म्हणाला, “सेठ, गाडी गुणगुणते. पन्नासच्या वर गेली की बुडाखाली थरथर लागते.” आम्ही त्यालाच बोललो, की तू वेगात हाकतोस. आवाज वाढला तेव्हा गाडी गॅरेजात घातली. आवाज मागून येतो, म्हणून तिथल्या कारागिराने डिफरन्शियल उघडले आणि क्राऊन-पिनियनचा नवा जोड बसवला. दुसऱ्या दिवशी आवाज तोच. मग दुसऱ्या गॅरेजात शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. आवाज थोडा दबला, पण तिसऱ्या महिन्यात मागचा नवा क्रॉस कसारा घाटात तुटला. शाफ्ट खाली लोंबला, रस्त्यावर आपटत गेला. गाडी चढावर होती, वेग नव्हता, आणि ड्रायव्हरने ब्रेक धरून ठेवला, म्हणून मागच्या गाड्या वाचल्या. आम्ही मात्र त्याच्या हातालाच दोष दिला आणि पगारातून पैसे कापले. महिना भरला आणि तो काम सोडून गेला.

गाडी शेवटी मालेगावच्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या दारात उभी केली. त्यांनी पान्हा हातात घेतलाच नाही. पहिला सवाल केला, “सेठ, आवाज भरल्या गाडीला जास्त येतो की रिकाम्या?” आम्ही आठवून सांगितले, रिकाम्या. ते हसले. म्हणाले, “मग डिफरन्शियल कशाला उघडले?”

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट असतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतो, म्हणून शाफ्टला वाकलेल्या कोनात फिरावे लागते आणि क्रॉस ते जमवून देतो. परंतु क्रॉसचा एक मूळचा दोष आहे. कोनात फिरताना तो पुढची गती जशीच्या तशी मागे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. कोन जितका मोठा, तितका हा झटका मोठा. म्हणून कंपनी दोन क्रॉस घालते आणि दोघांचे कोन सारखे ठेवते, म्हणजे पुढच्याने दिलेला झटका मागचा फेडून टाकतो. कोन सारखे राहिले नाहीत, तर हिशेब फिटत नाही आणि बाकी राहिलेला झटका थरथर होऊन गाडीत शिरतो.

उस्तादांनी सुताराच्या कोनमापकाला ओळंबा बांधला आणि तीन ठिकाणी मोजले. गिअरबॉक्सचे टोक मागे ३ अंश खाली झुकलेले. शाफ्टचा उतार ९ अंश. आणि पिनियनचे नाक वर ८ अंश! म्हणजे पुढच्या क्रॉसला ६ अंशांचा कोन आणि मागच्याला फक्त १. पाटेवाल्याने घातलेला गुटका एका बाजूने जाड होता, त्याने सगळा ॲक्सलच मागे कलंडवला होता. पिनियन गिअरबॉक्सच्या समांतर, म्हणजे ३ अंशांवर हवे होते. माल भरला की पाटे बसत, शाफ्टचा उतार कमी होई, पुढच्या क्रॉसचा कोन लहान होई आणि आवाज दबे. म्हणून रिकाम्या गाडीचीच तक्रार.

वेगाचा हिशेबही त्यांनी जमिनीवर खडूने मांडला. साडेसात-सोळाचा टायर एका फेऱ्यात सुमारे अडीच मीटर जातो. पन्नासच्या वेगाला चाक सेकंदाला साडेपाच फेरे घेते. डिफरन्शियलचा हिशेब पाचास एक धरला, तर शाफ्ट सत्तावीस-अठ्ठावीस फेरे घेतो आणि दोनाचे झटके धरून सेकंदाला पंचावन्न. चाकाचा दोष असेल तर थडथड मोजता येईल अशी येते. शाफ्टचा असेल तर गुणगुण किंवा पायाखाली मुंग्या आल्यासारखे वाटते. आमच्या ड्रायव्हरने ‘गुणगुणते’ हा शब्द अगदी बरोबर वापरला होता.

टूलबॉक्समध्ये जुना क्राऊन-पिनियन फडक्यात गुंडाळून ठेवलेला निघाला, ड्रायव्हरनेच ठेवला असावा. उस्तादांनी दात बोटाने चाचपले. एकही दात खाल्लेला नव्हता. चांगला माल काढून आम्ही नवा घातला होता.

आता बाकीच्या आवाजांविषयी. उस्तादांची रीत अशी, की आवाज कुठून येतो हे शेवटी विचारायचे, आधी तो केव्हा येतो हे विचारायचे. चासी ही तारेसारखी आहे, एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकवते.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, आणि घरघर येते. क्लच दाबला की बंद होते. तर गिअरबॉक्सच्या आतली बेअरिंग पाहावी. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली, तर क्लचचे रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात. ज्या गाडीत टॉपला ताकद थेट सरळ जाते, तिचा टॉपमध्ये आवाज गेला आणि खालच्या गिअरांत राहिला, तर शंका गिअरबॉक्सवर घ्यावी.

डिफरन्शियलचा आवाज ॲक्सलेटरच्या मागे जातो. पाय दाबला की रडतो, सोडला की बदलतो. फक्त ताकद देताना रडणे किंवा फक्त पाय सोडल्यावर रडणे, ही दातांच्या एकेका बाजूची खूण आहे. सरळ जाताना शांत आणि वळणावरच कुरकुर, तर आतले लहान गिअर. पिनियनचे नाक फार वर गेले असेल, तर पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल नीट पोहोचत नाही, मग घरघर खरीच सुरू होते. म्हणजे उंचीचा दोष राहू दिला, तर तो पुढे डिफरन्शियलही खातो.

चाकाच्या बेअरिंगला ॲक्सलेटरशी घेणे-देणे नाही, त्याला वेग कळतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी थोडी वाहू द्यावी. (इंजिन बंद करू नये, ब्रेकची मदत जाते. आणि उतारावर तर हा प्रयोग मुळीच नको.) आवाज तसाच राहिला तर चाक, बेअरिंग किंवा टायर. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येते. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग. जॅक लावून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात पाट्यावर ठेवावा, खडखड हाताला लागते. टायरचा आवाज मात्र रस्त्याप्रमाणे बदलतो, डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. मोठ्या गोट्यांचे टायर घालून बेअरिंग बदलणारे आम्ही पाहिले आहेत.

गाडी सुटताना, किंवा पुढचा-मागचा गिअर बदलताना, एक ‘ठक्क’ येते. यात क्रॉसची ढिलाई, स्लिप जॉइंटचे झिजलेले दात आणि डिफरन्शियलची मोकळीक अशा तिघांची भागीदारी असू शकते. खाली जाऊन शाफ्ट हाताने फिरवून पाहिला की कोण किती हलतो ते दिसते. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली जाऊ नये. पाटे वाढवलेल्या गाडीत आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे यू-बोल्ट. नवे पाटे घातले की ते दबून बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. काही दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा कसलेच पाहिजेत. कसले नाहीत तर सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल सरकतो. सावकाश चालताना चिमणीसारखी चिकचिक आली, तर क्रॉस कोरडा आहे. ग्रीस घेत असेल तर द्यावे, पण तांबूस भुकटी दिसली तर बदलावाच.

लांब चासीच्या गाडीत शाफ्टचे दोन तुकडे आणि मधे सेंटर बेअरिंग असते. भरलेली गाडी जागेवरून सुटताना हादरे देत असेल, तर त्या बेअरिंगचे रबर फाटले आहे का ते पाहावे. आणि शाफ्ट उघडला तर बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून घ्याव्यात. एक-दोन दात चुकले तरी क्रॉसांचा मेळ बिघडतो आणि नवी थरथर सुरू होते. खूण नसेल तर उघडण्याआधी खडूने करावी. खडूची कांडी काही महाग नाही.

जीप शौकाने उंच करणाऱ्यांचाही आजार हाच आहे. अमेरिकेत पिकअप उंच करायचे तयार किट मिळते आणि तिथे काहीजण एका टोकाला दुहेरी जोडाचा शाफ्ट घालतात. त्यात मात्र हिशेब वेगळा, पिनियनचे तोंड थेट शाफ्टकडे ठेवावे लागते. त्यांचे पाहून आपल्या साध्या शाफ्टला तसे करायला गेलात, तर आमच्यासारखीच गत होईल.

पाटे वाढवून आर. सी. बुकातले वजन वाढत नाही, हेही लक्षात असू द्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालाचा दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये केला. शिवाय काही गाड्यांत मागच्या ब्रेकची ताकद गाडी किती बसली यावर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच केली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. हा दोष आवाज करून सांगत नाही.

उस्तादांनी आमचे गुटके काढले, एक-एक पाटा कमी केला आणि पातळ पाचर घालून पिनियन ३ अंशांवर आणले. शाफ्टचा उतार ७ झाला, दोन्ही क्रॉस ४-४ अंशांवर आले. काम अर्ध्या दिवसाचे. मजुरी क्राऊन-पिनियनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती. आता माल थोडा कमी भरतो, फेरा एखादा जास्त पडतो.

कापलेले पैसे घेऊन आम्ही त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याने चहा पाजला, पैसे मोजून घेतले, गाडीचा दोष काय निघाला ते नीट विचारून घेतले. कामावर मात्र परत आला नाही. दुसऱ्या एका सायझिंगवाल्याची गाडी चालवतो.