निर्जळी उपास आणि डोळ्यांतील रक्तवाहिन्या
(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु गेल्या भाद्रपदात एक कागद हाती आला आणि तो समजून घेणे भाग पडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढेच सरकवला जातो.

२०२५ साली हरितालिका २६ ऑगस्टला होती. आई आणि मी, दोघींनी निर्जळी उपास केला. आई भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. त्या दिवशीही तिने खाडा केला नाही. रात्री जागरण झाले. पहाटे घटकाभर तिचा डोळा लागला आणि उठली तेव्हा उजव्या डोळ्यापुढे करडा ढग आल्यासारखे तिला दिसू लागले. दुखणे नाही, लाली नाही. घरात दीड दिवसाचे गणपती, म्हणून ती कुणाला बोलली नाही. विसर्जनानंतर डॉक्टरांकडे गेलो. कागदावर लिहिले होते, ‘ब्रांच रेटायनल व्हेन ऑक्लुजन’. म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील एका नीलेची शाखा बंद झाली होती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “पाण्यावाचून डोळा गेला.” आत्या म्हणाली, “व्रतात काही उणे राहिले असेल.” मला दोन्ही पटेना, उपास तर मीही केला होता.

डोळ्याच्या आतल्या बाजूस जो पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. शरीरातल्या रक्तवाहिन्या कातडी न कापता इथे सरळ पाहता येतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली त्यासाठीचे उपकरण जगापुढे मांडले. आईच्या पडद्याचा फोटो डॉक्टरांनी मला दाखवला. नारिंगी पार्श्वभूमीवर नदीच्या फाट्यांसारख्या रेषा होत्या आणि एका फाट्याभोवती कुंकू सांडावे तसे रक्त पसरले होते.

आता पाण्याविषयी. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रव असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. आपण पाणी प्यालो नाही तरी घाम, श्वास आणि लघवी यांवाटे ते जातच राहते. माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरात कामाला होते. उथळ वाफ्यातले पाणी उन्हाने आटते आणि खाली दाट खारवणी उरते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. रक्ताचेही काहीसे तसेच होते. पाणी घटले की ते दाट होते. पण शरीर म्हणजे मिठागराचा वाफा नव्हे. रक्त किंचित दाट होताच मेंदूला ते कळते, तहान लागते, व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. उपासाच्या दिवशी लघवी गडद पिवळी होते ती यामुळे. शिवाय दृष्टिपटलातल्या वाहिन्या गरजेप्रमाणे स्वतःच रुंद किंवा अरुंद होतात, त्यामुळे रक्तदाब थोडा खाली-वर झाला तरी पडद्याचा पुरवठा बहुधा टिकून राहतो.

आमच्या गावात याची उदाहरणे दरवर्षी दिसतात. पर्युषणात कित्येक जैन कुटुंबांत चौविहार उपवास होतात, त्यात पाणीही वर्ज्य. मीरा रोडच्या नया नगरमध्ये रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत थेंब घेत नाहीत. रोजे ठेवणाऱ्यांचे डोळे यंत्राने तपासण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. दृष्टिपटलामागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक थर असतो. तो उपासात किंचित पातळ होतो असे काहींना आढळले, काहींना फरक दिसला नाही. निरोगी डोळ्यांत जे बदल दिसले ते बहुतेक लहान होते. काचबिंदू असलेल्याने मात्र उपास सोडताना घटाघट पाणी पिऊ नये. थोड्या मिनिटांत लिटरभर पाणी पोटात गेले की डोळ्यातला दाब काही वेळ चढतो. काचबिंदूच्या तपासणीत याचा उपयोगही करतात.

मग आईचेच असे का झाले? दृष्टिपटलात रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींवर मिळून एकच आवरण असते. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की रोहिणीची भिंत जाड व टणक होते आणि शेजारच्या मऊ नीलेला दाबते. त्या चिंचोळ्या जागी रक्त रेंगाळते, गुठळी बनते, मागे तुंबलेले रक्त पडद्यात झिरपते. अशा आधीच अडलेल्या जागी दाट झालेले रक्त भर घालू शकते. डॉक्टर म्हणाले, “हे एका दिवसाचे काम नाही. उपासाने कदाचित हातभार लावला असेल, एवढेच म्हणता येईल. गोळी चालू आहे ना?”

आईने मान खाली घातली. रक्तदाबाची गोळी तिला चार वर्षांपूर्वी सुरू झाली होती. ती डोके दुखले तरच घ्यायची. आणि उपासाला गोळी चालत नाही म्हणून सगळे श्रावणी सोमवार, शनिवार आणि हरितालिका कोरडीच गेली. माझ्या रोहिण्या एकोणीस वर्षांच्या, तिच्या सत्तेचाळीस वर्षांच्या आणि दाबाखालच्या. दोघींचा उपास एकच होता, खरे. पण काकूंनी पाणी मोजले, आत्याने पुण्य मोजले, गोळ्या कुणीच मोजल्या नाहीत. घरात गोळीचे पाकीट वाचता येणारी मी होते, मीही नाही.

आईच्या डोळ्यात आतापर्यंत दोन इंजेक्शने झाली. सूज उतरली आहे. सुईत दोरा मात्र अजून मीच ओवून देते.

पुढच्या हरितालिकेला काय करायचे, हा प्रश्न घरात निघालाच. आई उपास सोडायला तयार नाही. डॉक्टरांनी गोळी चुकवायची नाही आणि पाणी सोडायचे नाही असे बजावले आहे. शेवटी मी आमच्या संस्कृतच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत औषध आहे, आणि पाणीही आहे. घरी जाऊन मी हे आईला सांगितले.

“मग इतकी वर्षे कुणी बोलले कसे नाही?” तिने विचारले आणि उठून देव्हाऱ्यातल्या करंड्याशेजारी गोळ्यांचे पाकीट ठेवले.