भिंतीआडची वीज : लहान घराच्या वायरिंगचे नियोजन

घर बांधताना फरशी, रंग आणि स्वयंपाकघराचा ओटा यांविषयी कुटुंबात अनेक दिवस विचारविनिमय चालतो. वायरिंगचा निर्णय मात्र बहुधा वायरमन भिंतीला खाच पाडण्यासाठी येऊन उभा राहिला की, उभ्याउभ्याच घेतला जातो. बँकेत गृहकर्जाची प्रकरणे हाताळताना मला हे वारंवार दिसे : अंदाजपत्रकात फरशीचे माप खोलीगणिक असे आणि वायरिंगपुढे एकच ठोक रक्कम लिहिलेली असे. वस्तुतः रंग दर काही वर्षांनी बदलता येतो. गिलाव्याआड गेलेली तार बदलायची तर भिंतच फोडावी लागते. जे दिसत नाही, त्यावरच आधी विचार आणि पैसा खर्च करावा, हे या विषयाचे सार आहे.

आधी यादी, मग तार

मालाची यादी केल्याशिवाय व्यापारी खरेदीला निघत नाही. तोच नियम येथे लावावा. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एक शयनगृह एवढ्याच घराचा नकाशा साध्या कागदावर काढावा आणि प्रत्येक खोलीत कोणते उपकरण, कोणत्या भिंतीशी, किती वॅटचे, हे त्यावर लिहावे. या बैठकीत घरातील स्त्रियांचा शब्द अंतिम मानावा; मिक्सर कोठे ठेवायचा आणि इस्त्री कोठे करायची, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पलंग आणि कपाट यांच्या जागाही याच वेळी ठरवाव्यात, नाहीतर बटणांचा बोर्ड कपाटामागे जातो.

आपल्या घरांची एक विशेष बाब येथे लक्षात घ्यावी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबात रात्री स्वयंपाकाचा भार जवळजवळ नसतो. तो सारा सकाळी एकवटतो. पूजेपूर्वीच्या स्नानासाठी गीझर, पाणी उकळण्यासाठी इंडक्शन शेगडी, दुकानाच्या कपड्यांची इस्त्री आणि मिक्सर ही उपकरणे एकाच तासात चालतात. गीझर २,००० वॅट, शेगडी २,०००, इस्त्री १,००० आणि मिक्सर ७५० वॅटचा धरला, तर एकूण ५,७५० वॅट होतात. आपल्याकडील घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्याने भागल्यास २५ अँपिअर प्रवाह येतो. मुख्य तार आणि मुख्य स्विच या गर्दीच्या तासाला पुरतील असेच हवेत. वीजबिलावरील ‘मंजूर भार’ही ताडून पाहावा आणि तो कमी असल्यास वाढवून घ्यावा.

तारेची जाडी आणि एमसीबी

दिवे व पंख्यांसाठी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ ची आणि गीझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी ४ ची, ही सर्वसाधारण विभागणी आहे. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत. गीझर, शेगडी व वातानुकूलन यंत्र यांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. इन्व्हर्टर आज घ्यायचा नसला, तरी त्याची वेगळी लाइन आताच टाकून ठेवावी.

एमसीबी हे तारेचे संरक्षण आहे. तारेला झेपेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की तो खाली पडतो. ‘सारखा पडतो’ म्हणून त्याच्या जागी मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवला, तर तक्रार थांबते, पण तार भिंतीत तापत राहते. अनेक आगींचे मूळ या वरकरणी सोप्या उपायात असते.

माणसाचे संरक्षण

तारेसाठी एमसीबी, तसे माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, याचा तो सतत ताळमेळ घेतो. जमाखर्चात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे एखाद्याच्या शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. हे काम एमसीबी करू शकत नाही; कारण जीव घेणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. घरात लहान मुले आणि वृद्ध असताना ही बचत करू नये. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही, ते पाहावे.

अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत आणि तेथून जमिनीतील अर्थिंगपर्यंत अखंड पोहोचली पाहिजे. स्नानगृहातील गीझरचा स्विच बाहेर असावा आणि ओट्यावरील बोर्ड नळापासून व शेगडीपासून दूर घ्यावा.

आचाराला साजेशी रचना

दिव्याकडे कीटक ओढले जातात, हे चातुर्मासात प्रत्येक घर अनुभवते. पांढऱ्याशुभ्र प्रकाशाकडे ते अधिक येतात, पिवळसर प्रकाशाकडे तुलनेने कमी. म्हणून गॅलरीतील दिवा पिवळसर असावा, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर घ्यावा आणि त्याला स्वतंत्र बटण द्यावे. सामायिक व स्वाध्यायाच्या जागी लहानसा वाचनदिवा असला, म्हणजे एका माणसासाठी सारा दिवाणखाना उजळावा लागत नाही. पलंगापासून स्नानगृहापर्यंतच्या वाटेवर पायाशी मंद दिवा आणि दोन्ही टोकांना टू-वे बटण असावे. वृद्धांचा पाय घसरत नाही आणि जमिनीवरचा जीवही दिसतो. यत्नाचार म्हणतात तो हाच.

खाली दुकान, वर घर

आपल्या समाजात ही रचना सर्रास आढळते. दुकानाचे आणि घराचे मीटर, मुख्य स्विच व न्यूट्रल पूर्णतः वेगळे ठेवावेत. न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडू लागतो, आणि मग कोणीतरी तो काढूनच टाकतो. घरगुती मीटरवरून दुकान चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर केव्हापासून चालू आहे हे निश्चित होत नसेल तर मागील १२ महिन्यांची धरली जाते. कापड, कागद किंवा तेलाचा साठा खाली आणि झोपलेले कुटुंब वर, अशा ठिकाणी रात्री दुकान बंद करताना तेथील मुख्य स्विच बंद करण्याची शिस्त हवी. सीसीटीव्ही व फ्रीज यांना त्यासाठी वेगळी लाइन द्यावी.

शेवटी दप्तर. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे. पुढे खिळा ठोकताना तार कोठून गेली आहे ते कळते. नकाशा, छायाचित्रे, तारेची पावती आणि अहवाल ही कागदपत्रे घराच्या खरेदीखताबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावीत. वीस वर्षांनी घरात काम काढणाऱ्या पुढच्या पिढीला ती खरेदीखताइतकीच उपयोगी पडतील.